डेमोमधलं घर

चि. मीरा आणि चि. ओम यांस,

इगतपुरीहून निघाले त्या सकाळी टेम्पो आठला येणार होता, तो साडेदहाला आला. ड्रायव्हरने माझ्या हातातली वही बघितली आणि विचारलं, "आजी, शाळेची हजेरी घेताय का?" हजेरीच होती ती. तेवीस खोकी, प्रत्येकावर क्रमांक, आणि वहीत प्रत्येक क्रमांकासमोर आत काय आहे त्याची नोंद. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई आणखी काय करणार? तुमची वृंदाआत्या मला न्यायला नाशिकहून आली होती. तिने खोकी मोजली आणि म्हणाली, "आई, चार महिन्यांसाठी येते आहेस ना? मग पाटावरवंटा कशाला?"

"तुझ्याकडे नाही म्हणून," मी म्हटलं.

चार महिने असंच मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं. तुमच्या आजोबांना जाऊन तेव्हा अर्धं वर्ष झालं होतं. ते घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारं इंजिन चालवायचे. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या गाड्या वर पोचवण्यात गेली, स्वतः मात्र ते नाशिकलाही कंटाळत कंटाळत यायचे. माझे वडील म्हणायचे, "घर सोडताना मागे वळायचं ते फक्त कुलूप ओढून बघायला." मी तीनदा वळले आणि तिन्ही वेळा कुलूपच ओढून बघितलं. तिसऱ्यांदा वृंदा म्हणाली, "आई, आता ते कुलूप तुझ्या हातात येईल." मग मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले, कारण खोक्यांवर लक्ष ठेवायचं होतं.

त्याला आता चार वर्षं झाली.

मागच्या शुक्रवारी आपला मराठीचा तास संपताना तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आजी, इगतपुरीचं घर विकायचं ठरलं का? मग आम्ही सुट्टीत कुठे यायचं?" मी म्हटलं, "नेटवर्क जातंय," आणि फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं. उत्तर मोठं होतं, आणि फोनवर मला मुद्द्यावर राहता येत नाही. म्हणून हे पत्र, वृंदा त्याचे फोटो काढून फोनवर पाठवेल. मीरा, तू मोठ्याने वाच. ओम, अडलं तिथे तिला थांबव.

घराला गिऱ्हाईक दोन वर्षांपासून होतं. शेजारचे डॉक्टर, त्यांना दवाखाना वाढवायचा होता. कागद तयार होते, तुमच्या बाबाने कॅनडातून होकार दिला होता, वृंदाने दिला होता. राहिली होती फक्त माझी सही. डॉक्टर दर महिन्याला फोन करून माझी तब्येत विचारायचे आणि मी दर महिन्याला तब्येत सांगायचे. सहीचं विचारलं की पावसाळ्यात "दिवाळीनंतर बघू", दिवाळीत "संक्रांतीनंतर बघू". चार महिन्यांची म्हणून आलेली बाई मी. सही केली तर ते चार महिने संपले असं होणार होतं.

नाशिकला आले तेव्हा पहिले काही आठवडे मी पाहुण्यासारखी वागले. पाहुण्याने जे करू नये तेही केलं, म्हणजे मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. द्वारका चौकाजवळचा फ्लॅट, तिसरा मजला, खाली सकाळपासून ट्रकचे हॉर्न. वृंदा आणि आमचे जावई, म्हणजे तुमचे प्रसादकाका, दोघं मिळून लोकांच्या वेबसाइट बनवतात हे मला माहीत होतं, पण हॉलमध्ये दोन टेबलं आणि कॉम्प्युटरचे चार पडदे लावून ते हे दिवसभर करतात हे माहीत नव्हतं. वृंदा साइट कशी दिसावी ते ठरवते, प्रसादराव ती चालती करतात. मोठ्या कंपन्या नाहीत त्यांच्याकडे. टायरवाले, बेदाण्याचे व्यापारी, मंगल कार्यालयं, एक हाडांचे डॉक्टर, एक हार्मोनियम दुरुस्त करणारे गृहस्थ. काम प्रत्येकाचं वेगळं आणि मागणी सगळ्यांची एकच: "काहीतरी हटके पाहिजे, पण आमच्या शेजारच्यासारखं."

एका ट्रान्सपोर्टवाल्यांना साइट उघडताच ट्रक पळताना दिसायला हवा होता. प्रसादरावांनी दोन दिवस खपून तो पळवला. मालक बघून म्हणाले, "साहेब, हा डावीकडं चाललाय. आमच्या धंद्यात माल पुढं जातो." ट्रक उजवीकडे वळवला तेव्हा म्हणाले, "आता हॉर्न टाका." मंगल कार्यालयाच्या मालकांनी साइट सुरू करायला गुरुजी आणले. गुरुजींनी विचारलं, "हिचं तोंड कुठल्या दिशेला?" प्रसादराव म्हणाले, "सर्व्हर सिंगापूरला आहे." गुरुजी म्हणाले, "म्हणजे पूर्वेला. उत्तम." मी नंतर नकाशा काढून बघितला. आग्नेय होती. पण तोवर नारळ फुटला होता.

मी या कामात कशी शिरले ते सांगते. एक दिवस वृंदाच्या पडद्यावर हाडांच्या डॉक्टरांची नवी साइट होती आणि तिच्यावर पानभर लॅटिन. धड लॅटिनही नाही, तोडमोड केलेलं.

"हे काय लिहिलंय?"

"आई, ते वाचायचं नसतं. जागा भरायला टाकतात. क्लायंटने मजकूर दिला की काढायचं."

"वाचायचं नसेल तर लिहायचं कशाला?"

"क्लायंट मजकूर देतच नाहीत म्हणून!"

हे मात्र खरं होतं. फोटो देतात, तोंडी सांगतात, मजकूर मागितला की "उद्या पाठवतो." मी म्हटलं, मग जागा अशा मजकुराने भरा की तो वाचून त्यांना कळेल काय पाठवायचं. डॉक्टरांच्या साइटसाठी मी माझ्याच गुडघ्याची हकीकत लिहिली: केव्हा दुखायला लागला, कोणी काय सल्ला दिला, तो कसा चुकीचा निघाला. डॉक्टरांनी वाचली आणि त्याच दिवशी स्वतःचा मजकूर पाठवला, कारण माझ्या गुडघ्याचं निदान त्यांना पटलं नव्हतं. तेव्हापासून नमुन्याचा मजकूर माझ्याकडे आला. वृंदाने मला तिसरं टेबल दिलं. खरं म्हणजे ते इस्त्रीचं टेबल होतं, पण खुर्ची चांगली होती.

आता गोवर्धनेभाऊंकडे येते. इगतपुरीबाहेर धरणाजवळ त्यांची भातशेती आहे. तिथे त्यांनी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायला घेतल्या आणि वेबसाइट सांगितली. त्यांचे फोटो आले. खोलीचा फोटो मागितला तर खोलीसमोर काळा गॉगल लावून उभे भाऊ. धरणाचा मागितला तर धरण झाकून भाऊ. मजकूर मागितला तेव्हा लावणी चालू होती, मग कापणी आली, मग पुतणीचं लग्न. शेवटी वृंदा म्हणाली, "आई, डेमो बनवून दाखवू. तू काहीतरी लिही."

काहीतरी लिहायला मला जमत नाही. डोळ्यांसमोर जे होतं ते लिहिलं. आपलं घर लिहिलं. ओट्यावरून डोंगर दिसतो. परसात जांभळाचं झाड आहे, त्याच्या सावलीत दुपारी भाजी निवडायला बसता येतं. अंघोळीला बंबाचं पाणी. मागच्या खोलीत पडलं की घाट चढून आलेल्या गाडीची शिट्टी ऐकू येते आणि किती वाजले ते घड्याळ न बघता कळतं. मोरी रोज धुतली जाते. भाऊ नसलेले फोटो हवे होते म्हणून घराचे चार जुने फोटोही दिले. संपर्काच्या जागी प्रसादरावांनी सगळी शून्यं टाकली होती. खोटा नंबर मला बघवेना, म्हणून मी माझा टाकला.

डेमो भाऊंना पाठवला. भाऊंचा लगेच फोन आला, "ताई, लय भारी झालीय! टाकली सगळ्या ग्रुपवर." त्यांनी मजकुरातला एक शब्द वाचला नव्हता. वर स्वतःचा मोठा फोटो होता तेवढा बघितला होता. वृंदा ओरडत राहिली, "भाऊ, तो डेमो आहे, अजून लाइव्ह नाही!" भाऊ म्हणाले, "असू द्या ताई, डेमो तर डेमो, चांगला हाय."

दोन दिवसांनी मला फोन आला. सटाण्याहून कोणी अहिरे बोलत होते. त्यांना मागची खोली हवी होती, शनिवारसाठी.

इथे माझी चूक झाली, ती नीट समजून घ्या. प्रसादराव साइट झाली की ओळखीच्या कोणाला तरी फोन करायला लावतात. नंबर लागतो का, फॉर्म पोचतो का, हे तपासायला. मला वाटलं, हा त्यातलाच माणूस. तपासणीच आहे तर आपल्याकडून कमी पडायला नको, म्हणून मी वही ओढली.

"बाकी सगळ्या साइटवर लक्झरी लिहिलंय मॅडम," अहिरे म्हणाले, "तुमच्याकडं मोरी रोज धुतात असं लिहिलंय. आईला वाचून दाखवलं, ती म्हणे हेच घे. रोज धुता ना?"

"रोज."

"जेवायला काय असतं?"

"नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. आधी सांगितलं तर पुरणपोळी."

"मग आताच सांगतो. पुरणपोळी."

"किती?"

"मी, बायको आणि आई. आई एकटी तीन खाते."

मी वहीत लिहिलं: शनिवार, तीन माणसं, पोळ्या नऊ, वर दोन. खाली शेरा दिला: तपासणी उत्तम, बोलणारा अगदी खरा वाटतो. प्रसादरावांना म्हटलं, "तुमच्या माणसाला शंभरपैकी नव्वद." त्यांच्या कानात हेडफोन होते. त्यांनी अंगठा वर केला.

शुक्रवारी दुपारी पुन्हा फोन. "मॅडम, उद्या सकाळी निघतो. आईनं कालपासून जेवण कमी केलंय, पुरणपोळीसाठी."

तपासणीसाठी कोणी आईचं जेवण कमी करत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी दोघांसमोर वही ठेवली. वृंदाने वाचली. "आई! तू आपलं घर भाड्याने दिलंस?"

"दिलं नाही. लिहिलं."

प्रसादरावांनी भाऊंना फोन लावला: तुमची एखादी खोली उद्यापुरती द्या. भाऊ म्हणाले, "कुठून देऊ साहेब? फरशी बसवतोय अजून, पाय रुततो." वृंदा म्हणाली, "मग त्या अहिऱ्यांना नाही म्हणून सांग." मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. सटाण्याची कोण ती म्हातारी माझ्या शब्दावर उपाशी बसली होती. आणि खरं सांगू? मला त्या घरात कोणी तरी राहायला येतंय याचा आनंद झाला होता. मी वृंदाला म्हटलंसुद्धा, "हे जमलं तर डॉक्टरांना कायमचं नाही सांगेन. घर असंच चालवू." वृंदाने गाडीची किल्ली घेतली.

शनिवारी सकाळी सातला आम्ही दोघी इगतपुरीत. दार फुगलं होतं, वृंदाने खांदा लावला तेव्हा उघडलं. ओल भिंतीवर माझ्या उंचीपर्यंत आली होती. आम्ही झाडलं, पुसलं, मोरी तर मी दोनदा धुतली. मग पुरण वाटायला घेतलं तेव्हा पाटावरवंटा नाशिकला होता. पुरणयंत्र पण नाशिकला. वहीप्रमाणे खोकं अकरा. शेवटी वृंदा शेजारच्या डॉक्टरांच्या घरून मिक्सर घेऊन आली. डॉक्टरांनी मिक्सरबरोबर माझी तब्येतही विचारून पाठवली.

मी फोनवर सांगितलेल्या पत्त्यावर अकराला पाहुणे आले. अहिरे म्हणजे चाळिशीचा, शाळेत शिपायाचं काम करणारा साधा माणूस. बायको हसतमुख. आणि आई, माझ्याएवढीच असेल, डोक्यावर पदर, हातात काठी, आणि आल्या आल्या थेट मोरी बघायला गेली. बाहेर येऊन मुलाला मान हलवून सांगितलं, ठीक आहे.

मग अहिऱ्यांनी फोन काढला आणि माझा मजकूर वाचत घर बघायला सुरुवात केली. परीक्षेला बसल्यासारखी मी मागे मागे.

"मॅडम, ओट्यावरून डोंगर दिसतो लिहिलंय."

"आहे की. त्याच्या मागे आहे."

"या बिल्डिंगच्या?"

"हो."

"आणि जांभूळ?"

जांभूळ वादळात पडलं, त्याला कितीतरी वर्षं झाली. मी स्वतः ते तोडायला माणूस बोलावला होता, आणि लिहिताना मला ते आठवलंही नव्हतं. बंब तुमच्या बाबाच्या लग्नानंतर मोडीत दिला. मागच्या खोलीत शिट्टी ऐकायला सगळे पाच मिनिटं गप्प उभे राहिलो. गाडी गेली, खिडक्या हादरल्या, पण आताची इंजिनं वेगळी आणि भोंगाही वेगळा. त्यावरून किती वाजले ते मला सांगता आलं नाही. अहिरे भला माणूस, हसून म्हणाला, "असू द्या मॅडम, लिहिलंय मात्र झकास." मी एकही गोष्ट खोटी लिहिली नव्हती. फक्त वीस वर्षं उशिरा लिहिली होती.

म्हातारी तोवर स्वयंपाकघरात येऊन बसली होती. तिला मदत करायची होती. ती बागलाणकडची अहिराणी बोलायची, मी आपली मराठी, पण पोळ्यांपुरतं आमचं छान जमलं. तिने चिमटा मागितला.

"नाशिकला आहे."

तुपाची वाटी?

"ती पण नाशिकला."

सूप मागितलं, खलबत्ता मागितला, बसायला पाट मागितला. प्रत्येक वेळी माझ्या तोंडून तेच. पाटाच्या वेळी वृंदाच आतून ओरडली, "खोकं चार, नाशिकला!" म्हातारीने लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"माय, तुन्हं तं समदं नाशिकले शे," ती म्हणाली. "मंग तू आठे काय करी ऱ्हायनी?"

तुझं तर सगळं नाशिकला आहे, मग तू इथे काय करते आहेस. चेष्टेने नाही विचारलं तिने, खरंच कळत नव्हतं तिला. मीरा, ओम, इतकी वर्षं मुलांना प्रश्न विचारले मी, आणि या प्रश्नावर तव्यावरची पोळी उलटायची राहिली. ती करपलेली मी खाल्ली. म्हातारीने चार खाल्ल्या.

रविवारी दुपारी ते त्र्यंबकला जायला निघाले. जाताना अहिऱ्यांची बायको म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी तुमच्या नाशिकच्या घरीच येतो." आम्ही भांडी धुतली, डॉक्टरांचा मिक्सर परत दिला आणि निघालो. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी गाडी अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, सगळे एकदम हॉर्न वाजवत होते, आणि मी पाय लांब करून म्हटलं, "आलं बाई घर." वृंदाने माझ्याकडे बघितलं. मीही माझं बोलणं ऐकलं होतं.

मंगळवारी सही केली. रडले, पण सही वळणदार आली. तुमच्या बाबाला सांगा, तो निघाला तेव्हाही मी त्याच्या सामानाची यादी तीनदा तपासली होती, आणि परत कधी यायचं हे तिच्यात लिहायचं राहून गेलं होतं. दोष त्याचाही नाही आणि माझाही. माणूस जिथे कामाला लागतो तिथे त्याचा चिमटा जातो, तुपाची वाटी जाते, आणि मग एक दिवस सगळं तिथेच असतं. भाऊंच्या साइटवरून आपलं घर मी स्वतः काढलं. आता तिथे चार खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीसमोर भाऊ आहेत.

तर तुम्ही सुट्टीत कुठे यायचं? इथे. डोंगर नाही, झाड म्हणाल तर कुंडीत तुळस आणि गवती चहा. इस्त्रीचं टेबल मी खिडकीकडे सरकवलंय, आणि त्याच्या मागच्या भिंतीला एकावर एक असे दोन पलंग बसतात, मी टेपने मोजून बघितलं. दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून पाठवा, भिंतीला पाठ लावून, चपला काढून. सुतार गुरुवारी येणार आहे.

तुमची,
आजी